निळ्या मातीचं मैदान

१२ ऑक्टोबर २०१३
ग्योतोकु

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. हे पाकीट तुम्ही फोडाल की न फोडता आईकडे सरकवाल, माहीत नाही. म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, कामाचं पत्र आहे. कामाचं पत्र तुम्ही न वाचता ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही.

फोन केला असता, पण माझा फोन आला की तुम्ही गॅलरीत जाता. चौदा वर्षांत तुमचं एकच वाक्य माझ्या कानावर पडलं, तेही आईच्या मागून. भूकंप झाला त्या दिवशी आई रडत होती आणि तुम्ही म्हणालात, "तिला विचार, गॅसचा कॉक बंद केला का." त्याचं उत्तर तेव्हा राहून गेलं. इथे मोठा धक्का बसला की मीटर आपोआप बंद होतो. नंतर बटण दाबून आपणच सुरू करायचा.

आता काम. मी एका छोट्या कंपनीत माती तपासायचं काम करते, हे आईने सांगितलं असेल. तोयोसुला जिथे मासळीबाजार हलवायचं चाललंय, तिथे पूर्वी कोळशापासून गॅस बनायचा. त्या जागेवर अख्ख्या टोकियोचं लक्ष आहे. आमच्याकडे आलेली जागा तिच्यापुढे रुमालाएवढी आहे आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. खाडीत भर घालून केलेली जमीन, तीवर गॅसचा लहानसा कारखाना, १९७१ साली बंद. मग चाळीस वर्षं गाड्या लावायची जागा. आता तिथे बालवाडी बांधायची आहे. इथे त्याला होइकुएन म्हणतात. आईबाप कामावर जातात तेव्हा तान्ह्यापासून सहा वर्षांपर्यंतची मुलं तिथे असतात. तुमची नात कश्मिराही अशाच एका बालवाडीत वाढली.

इथली पद्धत तुम्हाला आवडेल. आधी माती खणत नाहीत, आधी जमिनीचा इतिहास काढतात. जुने नकाशे, विमानातून काढलेले फोटो, कारखान्याचे कागद, आणि तिथे काम केलेली म्हातारी माणसं. त्यावरून जमिनीचे तुकडे पाडायचे. जिथे घाण असण्याचा दाट संशय, तिथे दर दहा मीटरवर तपासणी. जिथे थोडा संशय, तिथे तीस मीटरवर. जिथे संशयच नाही, तिथे भोकसुद्धा पाडायचं नाही.

पूर्वेचा एक कोपरा कागदावर "कामगारांचं क्रीडांगण" आहे. म्हणजे संशय नाही. सगळ्यांत स्वच्छ म्हणून बालवाडीची इमारत नेमकी तिथेच येणार आहे.

त्या कोपऱ्याचा १९६३ सालचा फोटो सोबत जोडला आहे. भिंगाखाली बघा. चारी बाजूंना झुडपं, गवत, आणि मैदान मात्र टक्कल पडल्यासारखं. बावीस वर्षं तुम्ही गॅसच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होतात. हे कशामुळे होतं ते सांगा.

उत्तर मला माहीत आहे असं तुम्हाला वाटेल. तरी सांगा.

विभा

ता. क. त्या सभेबद्दल मी लिहिणार नाही. तुम्हीही लिहू नका.


१० नोव्हेंबर २०१३
ग्योतोकु

तीर्थरूप बाबा,

उत्तर आलं नाही. आई म्हणाली, पत्र वाचलंत, फोटो दोन दिवस टेबलावर होता आणि मग भिंगासकट गायब झाला. म्हणजे बघणं चालू आहे. मी वाट बघते. तोवर इकडचं कळवते.

त्या कारखान्यात काम केलेला एकच माणूस सापडला. मोरिता-सान, वय एक्क्याऐंशी. गॅस मातीतून गाळायच्या शुद्धीकरणाच्या पेट्यांवर होते. म्हणजे तुमच्याच खात्यातले. गाड्यांच्या त्या जागेसमोरच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटे राहतात. गॅलरीतून अख्खी जागा दिसते.

मी नकाशा घेऊन गेले, छापील प्रश्न घेऊन गेले. जुन्या माणसाला भेटून विचारायच्या या कामाला इथे किकितोरी म्हणतात, ऐकून घेणं. ऐकायला काही मिळालं नाही. त्यांनी चहा दिला, पर्सिमॉनचं फळ सोलून दिलं, आणि प्रत्येक प्रश्नाला हसून "आठवत नाही" म्हणाले. पेट्या कुठे होत्या? आठवत नाही. वापरलेली माती कुठे टाकायचे? बरीच वर्षं झाली. क्रीडांगणावर काय व्हायचं?

"उंदोकाई," ते म्हणाले. म्हणजे कामगारांच्या मुलाबाळांच्या शर्यती. "माझी मुलगी पळायची. तिसरी आली होती एकदा."

एवढं आठवलं आणि पुढचं विसरले. दारापर्यंत सोडायला आले, वाकून नमस्कार केला. लिफ्टमध्ये मला इतका राग आला की विचारू नका. मला हे "आठवत नाही" चांगलं ओळखीचं आहे.

आपल्या सोसायटीच्या बॅडमिंटनच्या कोर्टावरही गवत उगवायचं नाही. माझे कॅनव्हासचे बूट तळाशी निळे व्हायचे आणि आई म्हणायची, हिच्या पायाला शाई लागते की काय. दिवाळीत तिने तीच निळी माती चाळून रांगोळीत भरली होती. अख्ख्या खाडीकाठच्या वसाहतीत तसा निळा कुणाच्या दारात नव्हता. तुम्ही कौतुकाने उभे राहून बघत होतात. ते मी विसरले नाही. मी सभेत जे वाचलं ते तुमच्याच वहीतलं होतं, तुमच्याच अक्षरातलं. त्यात एक शब्दही मी माझा घातला नव्हता.

लिहिणार नाही म्हटलं आणि लिहिलं. राहू दे. फाडायला दुसरा कागद घ्यावा लागेल.

विभा


२१ डिसेंबर २०१३
ग्योतोकु

तीर्थरूप बाबा,

तुमचं उत्तर पोचलं. ना नमस्कार, ना आशीर्वाद, खाली सहीसुद्धा नाही. सोसायटीच्या पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पाठीवर सहा ओळी. मी त्या चार वेळा वाचल्या आणि मग तुमच्या जावयाला, क्षितिजला, मोठ्याने वाचून दाखवल्या. तो म्हणाला, "तुझे बाबा ईमेल फार चांगले लिहितील."

तुमचंच तुम्हाला परत लिहून दाखवते, चूक असेल तर सांगा.

"गवत नाही म्हणजे पेट्यांतली माती पसरली आहे. पेट्या रिकाम्या करणारा माणूस ओझं लांब नेत नाही, तेव्हा पेट्यांपासून मैदानाचं अंतर मोज. वर तांबडं दिसेल, त्याला फसू नकोस, निळं दीड फुटाखाली. डांबराचा खड्डा वेगळा, तो उताराला. निळं दिसतं तितकं वाईट नसतं, डांबर दिसतं त्याहून वाईट असतं. जुन्या माणसाला कागद दाखवू नकोस, हातात माती दे."

अंतर मोजलं. पासष्ट मीटर, आणि मध्ये हातगाडीचे रूळ.

ऑफिसात ओकुमुरा-सानना सांगितलं. ते माझे वरिष्ठ, माणूस वाईट नाही, पण त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बांधकामाची तारीख लाल गोलात आहे. "सबनीस-सान, गवत नाही हा पुरावा होत नाही," म्हणाले. "तुमच्या वडिलांचं मत इंटरेस्टिंग आहे, पण ते या प्लांटमध्ये नव्हते. इथे काम केलेल्या माणसाचं स्टेटमेंट आणा, नावासकट. नाव नसेल तर रिपोर्टमध्ये घेता येणार नाही." जानेवारीच्या अखेरीस रिपोर्ट द्यायचा आहे. त्यात तो कोपरा "संशय नाही" या रकान्यात गेला, की त्याला पुन्हा कुणी हात लावणार नाही. वर काँक्रीट, त्यावर लाकडी फरशी, त्यावर रांगणारी मुलं, आणि बाहेर वाळूत खेळायची जागा.

तुमचं शेवटचं वाक्य मला नीट कळलेलं नाही. हातात कुठली माती देऊ? पाकिटातून पाठवली नाहीत ते बरं केलंत, परदेशची माती या देशात आणू देत नाहीत.

विभा


१८ जानेवारी २०१४
ग्योतोकु

तीर्थरूप बाबा,

मातीच मिळेना, तेव्हा मी ती बनवली. प्रयोगशाळेतून लोखंडाचा गंज घेतला, लाकडाचा भुसा आणला, पाणी शिंपडून मळलं. पुरणाची पोळी मला अजून नीट जमत नाही, पण हे पहिल्या फटक्यात जमलं. लहानपणी तुम्ही दोन-तीनदा पेट्यांच्या शेडमध्ये नेलं होतंत. गॅस याच मिश्रणाच्या थरांतून काढायचा, म्हणजे त्यातली घाण माती धरून ठेवते आणि धरून धरून निळी पडते, हे तुम्ही मला कपड्याच्या गाळणीचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. हात आठवणीने चालत होते, मला काही विचारत नव्हते.

कश्मिराच्या जुन्या जेवणाच्या डब्यात ते भरलं आणि मोरिता-सानकडे गेले. नकाशा नेला नाही. प्रश्नांचा कागद नेला नाही. चहा झाल्यावर डबा उघडून पुढे ठेवला.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग चिमूट उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"भुसा जाडा आहे," ते म्हणाले. "आम्ही बारीक घ्यायचो. जाड्यातून गॅस सुटून जातो."

"माझे वडीलही बारीकच घ्यायचे."

"वडील?"

मग मी सांगितलं. मुंबईजवळ खाडीच्या काठी असाच कारखाना होता, वडील त्यात होते, निळी माती आमच्या खेळायच्या मैदानावर होती. मैदानावर कुणी टाकली, त्यांनी विचारलं. वडिलांनी, मी म्हणाले. का? गवत होऊ नये, साप येऊ नये, मुलांना नीट खेळता यावं म्हणून.

मोरिता-सान उठले. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालून त्यांनी जॅमची बरणी काढून आणली आणि माझ्या डब्याशेजारी ठेवली. आत वाळू होती, करडी, आणि तिच्यात निळ्या रेघा.

तो २०११ सालच्या ११ मार्चच्या भूकंपाचा निळा होता. या भर घातलेल्या जमिनीत तेव्हा पाणी आणि वाळू उकळी आल्यासारखी वर आली होती. आमच्या इकडेही गटारांची झाकणं उचलली गेली होती. मोरिता-सान गॅलरीतून बघत होते. क्रीडांगणाच्या कोपऱ्यात चिखलाबरोबर निळं वर आलं. ते जिना उतरून खाली गेले, कारण लिफ्ट बंद होती, आणि नगरपालिकेचे लोक यायच्या आत त्यांनी फावड्याने ते सगळं पोत्यांत भरून करड्या चिखलाच्या पोत्यांत मिसळून टाकलं. एक बरणी ठेवून घेतली. का ठेवली ते त्यांनाही सांगता आलं नाही.

"उंदोकाईसाठी मीच पसरली होती," ते म्हणाले. "वरून हुकूम होता, पण मैदान कसं सपाट झालं म्हणून मीच मिरवलो होतो. मुलीचे पांढरे मोजे निळे झाले. आम्ही सगळे हसलो."

मी म्हणाले, हे लिहून देता का. नावासकट लागेल.

ते म्हणाले, "मी आज सांगितलं, तर सगळे विचारतील, इतकी वर्षं कुठे होतास."

बाबा, हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे, अगदी याच शब्दांत, माइकवरून. तो ऐकताना समोरच्या माणसाला कसं वाटतं, ते मी त्या दिवशी बघितलं नव्हतं. मी श्रोत्यांकडे बघत होते.

त्यांनी विचार करायला आठवडा मागितला आहे. रिपोर्टला बारा दिवस उरलेत.

विभा


२३ मार्च २०१४
ग्योतोकु

तीर्थरूप बाबा,

दोन महिने लिहिलं नाही. आईकडून तुकड्यातुकड्यात कळलं असेल. तुम्ही "पुढे काय झालं" असं आईला विचारलंत, हेही मला कळलं.

मोरिता-सान आठव्या दिवशी स्वतः ऑफिसात आले. कोट-टाय घालून, हातात बरणी. ओकुमुरा-सान उभेच राहिले. मोरिता-सानांनी खिशातून इथे सहीऐवजी लागतो तो नावाचा शिक्का काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "एक अट आहे. मी सांगतो ते सगळं लिहायचं. हुकूम होता तेही, मी मिरवलो तेही, भूकंपानंतर लपवलं तेही. अर्धं लिहायचं असेल तर मी घरी जातो."

ओकुमुरा-सान माझ्याकडे वळून म्हणाले, "सबनीस-सान, सगळं लिहा." मी लिहिलं.

कोपऱ्यावर दर दहा मीटरला भोकं पाडली. वर तांबडं लागलं. ड्रिलवाला माणूस थांबायच्या बेतात होता, मी म्हटलं आणखी खाली जा. पंचेचाळीस सेंटिमीटरला निळं आलं. तुमचा दीड फूट. उताराला डांबर लागलं, त्यात बेंझीन मर्यादेच्या कितीतरी पट. बांधकामाची तारीख रद्द झाली, माती काढायचं ठरलं. ओकुमुरा-सानांनी कॅलेंडर उतरवून ठेवलंय.

काल रहिवाशांची सभा होती. इथे सेत्सुमेइकाई म्हणतात, समजावून सांगायची सभा. शाळेच्या जिममध्ये दीडशे माणसं. बोलायचं काम माझ्याकडे होतं, कारण रिपोर्ट माझा. मी घरून निघाले तेव्हा कश्मिरा म्हणाली, "मामा, दाइजोबू?" आई, ठीक आहेस ना, असं. मी हो म्हणाले.

मी मोरिता-सानांचं निवेदन वाचलं. पहिला भाग संपला, मैदानावर माती पसरली इथवर, आणि मागून एक बाई उठली. कडेवर बाळ होतं. म्हणाली, "म्हणजे त्या माणसाला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं."

जिममध्ये कुजबुज सुरू झाली. बाबा, तो आवाज मी ओळखते. तो आवाज आला की बोलणाऱ्याला एकदम उंच झाल्यासारखं वाटतं. तिथे थांबलं असतं तरी चाललं असतं. सगळे माझ्या बाजूने होते.

मी पान उलटलं आणि पुढचं वाचलं. सगळं. हुकूम, शर्यती, मोजे, भूकंप, पोती. मधेच मोरिता-सान मागच्या रांगेत उभे राहिले. नाव सांगितलं आणि कमरेत वाकले, वाकूनच राहिले. कुणी ओरडलं नाही. ती बाळवाली बाईच पुढे झाली आणि तिने आपली खुर्ची त्यांच्यामागे सरकवली. बसा म्हणाली. पाठ दुखेल.

मी वाचत राहिले. अक्षरं दिसत नव्हती, पण पाठ झाली होती.

विभा


६ एप्रिल २०१४
ग्योतोकु

तीर्थरूप बाबा,

आता ज्यासाठी पहिलं पत्र लिहिलं होतं ते लिहिते. बाकीची सगळी पत्रं याला घाबरून लांबवलेली होती.

२९ ऑगस्ट १९९९. सोसायटीची वार्षिक सभा. मी बावीस वर्षांची, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कोर्टाची माती तपासलेली आणि तुमची वही कपाटातून काढलेली. तुम्ही सचिव. आदल्या दिवशी दुपारी तुम्ही मला म्हणालात, "वाचायचं तर वाच, मी अडवणार नाही. पण दोन्ही पानं वाच." मी म्हणाले, वाचेन.

नेहमीप्रमाणे साठ खुर्च्या तुम्हीच मांडल्यात. मी उभी राहिले आणि पहिलं पान वाचलं. नोव्हेंबर १९७८, कोर्टावर चौदा हातगाड्या निळी माती पसरली, गवताचा प्रश्न मिटला. मग तो आवाज आला. माणसं उठली, तुमच्यावर धावून गेली. मी माइकमध्ये विचारलं, इतकी वर्षं कुठे होतात. टाळ्यासुद्धा पडल्या. मी खाली बसले.

तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी पान उलटेन म्हणून. मला ते न बघताही कळलं होतं. खूप गलका होता, वेळ नव्हता, विसरले, असं मी क्षितिजला सांगितलंय, आईला सांगितलंय, स्वतःला तर रोज. विसरले नव्हते. दुसरं पान वाचलं असतं तर टाळ्या थांबल्या असत्या.

तुमची खुर्ची घडी केलीत, भिंतीशी लावलीत आणि घरी गेलात. त्यानंतर एकाही सभेला गेला नाहीत. आई म्हणते, सभेच्या दिवशी तुम्ही खिडकी लावून घेता.

दुसरं पान दुसऱ्या दिवशी मी वहीतून फाडलं. तुम्ही ते कुणाला दाखवाल अशी मला भीती वाटली. तुम्ही कधी शोधलंही नाहीत. ते माझ्याबरोबर जपानला आलं, चार घरं फिरलं. या पाकिटात आहे. कडा माझ्या फाडण्याने गेल्यात, बाकी तुमचं अक्षर जसंच्या तसं आहे. मे १९८४. वसाहतीची सोसायटी झाल्यावर नव्या कमिटीत तुम्ही मांडलंत की कोर्टाची माती काढावी आणि घरं घेणाऱ्या प्रत्येकाला सांगावं. मतं घेतली. विरुद्ध अकरा, बाजूने एक. खाली अकरा नावं. आणि शेवटची ओळ, "बहुमताचा निर्णय मला बंधनकारक आहे, पण तो चूक आहे."

तुम्ही पंधरा वर्षं गप्प बसलात हे खरं आणि ते मला अजून पटत नाही, आज समोर असतात तर भांडले असते. पण तुम्ही लपवलं नव्हतंत. आधी बोललात, हरलात आणि मग गप्प बसलात. इतिवृत्तात मात्र लिहिलंय, "सचिवांनी ही बाब एकट्याने सभासदांपासून लपवली असे सभेचे मत झाले." ते वाक्य माझ्यामुळे आहे.

मोरिता-सानांना मी पाच महिने ओळखते आणि त्यांचं सगळं वाचलं. तुम्हाला जन्मापासून ओळखते आणि अर्धं वाचलं. माझी चूक झाली, बाबा. नुसती चूक नाही, मी जाणूनबुजून केलं. मला माफ करा असं लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते.

सोबत एक अर्ज आहे. यंदाच्या वार्षिक सभेत त्या इतिवृत्तात दुरुस्तीचा विषय घ्यावा, मी येऊन दुसरं पान वाचेन. राजीव आता सचिव आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "विभा, तू मेंबर नाहीस, मेंबरची सही लागेल." म्हणजे तुमची. त्या अकरा नावांत त्याचे वडीलही आहेत, हे त्याला माहीत नाही. नावांचं काय करायचं, तेही तुम्हीच ठरवा.

सही केली नाहीत तर मी समजून घेईन. पान तरी तुमच्याकडे पोचलं पाहिजे.

विभा


१६ सप्टेंबर २०१४
ग्योतोकु

तीर्थरूप बाबा,

एप्रिलपासून तुमचा शब्द नाही. आईला विचारलं की ती म्हणायची, "मला काही सांगत नाहीत गं. वही काढून बसतात, डिंक घेऊन." मी पुढे विचारायचं सोडून दिलं होतं.

आज टपालात सोसायटीची नोटीस आली. छापील, राजीवच्या सहीची. वार्षिक सभा, रविवार २८ सप्टेंबर, सायंकाळी सहा. विषय क्रमांक एक, दिनांक २९ ऑगस्ट १९९९ च्या इतिवृत्तात दुरुस्ती. मांडणार, श्री. चारुदत्त सबनीस, सभासद. वाचन, विभा सबनीस.

खाली पेन्सिलीने तुमचं अक्षर आहे. आता थोडं कापरं झालंय.

"नावं नकोत, दोघे अजून हयात आहेत. अकरा विरुद्ध एक एवढं वाच. मी गप्प बसलो तेही वाच. खुर्च्या लावायला मी साडेपाचला खाली जातो, तू सहाला ये."

मी नोटीस हातात धरून दारातच बसले. कश्मिरा शाळेतून आली तर मी तिथेच. तिने विचारलं काय झालं, आणि मी नोटीस तिच्यापुढे धरली.

तिकीट काढलं आहे, शनिवारी पोचते. हे पत्र कदाचित माझ्या मागून येईल. तरी लिहून ठेवते, की सहाला येणार नाही, साडेपाचलाच येईन. साठ खुर्च्या एकट्याने मांडायचं तुमचं वय राहिलेलं नाही.

तुमची
विभा